एकसष्ट क्रमांकाचं पत्र

१० मार्च

छबूस,
आशीर्वाद. मी ठीक आहे, तूही ठीक असशीलच. वि. वि.

काल रविवार, ९ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, माजी नौसैनिकांच्या हॉलमध्ये, माझ्या नवऱ्याच्या स्मरणसभेत तू पर्समधून एक पत्र काढलंस आणि साठ माणसांसमोर वाचून दाखवलंस. घड्याळ समोरच्याच भिंतीवर होतं, म्हणून वेळ इतकी नक्की सांगते. तुला पाच मिनिटं दिली होती ती बहीण म्हणून. लहानपणी दादा झाडावरून कसा पडला, अभ्यासात कसा ढ होता, असलं काहीतरी सांगशील अशी माझी समजूत.

पत्र ह्यांचं होतं, पंचेचाळीस वर्षांपूर्वी बोटीवरून लिहिलेलं. इंजिनरूमला आग लागली, दोन तास धुरात काढले, शेजारी काम करणारा सोबती भाजला, आता पहिल्या बंदरात उतरून पळून जावंसं वाटतंय, असा मजकूर. लोकांनी रुमाल काढले. मी काढला नाही. मी पाकिटाच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे ६१ हा आकडा होता.

बोटीवरचं टपाल दोन-दोन महिन्यांनी गठ्ठ्याने येतं आणि पत्रं उलटीसुलटी हातात पडतात. म्हणून हे प्रत्येक पाकिटावर क्रमांक टाकत आणि मी क्रम लावून वाचत असे. माझ्या गठ्ठ्यात खाडे आहेत. १२ नाही, १९ नाही, ६१ नाही. अशी एकूण अडतीस नाहीत. ती टपालात गहाळ झाली असं मी आजवर धरून चालले. त्यांच्यासाठी मी लागोपाठ तीन पोस्टमास्तरांना अर्ज केले. तिसऱ्याला तर तुमच्या माणसांना आकडे वाचता येतात का, असं तोंडावर विचारलं. तो बिचारा मला पाहिलं की खिडकी बंद करायचा.

६२ माझ्याकडे आहे. तारीख तीच. त्यात उडणारे मासे डेकवर येऊन पडले आणि आचाऱ्याने ते टोपीत गोळा केले, असं लिहिलंय. आगीचं अवाक्षर नाही. एकाच दिवशी, एकाच शाईने, तुला आग आणि मला मासे.

छबू, मी ह्या माणसाबरोबर एकावन्न वर्षं काढली. पंप बिघडला की स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून काय दुखतंय ते सांगणारा माणूस. चादरीला एक सुरकुती चालायची नाही. नोकरी सुटल्यावरही पहाटे उठून दोन्ही मुलांचे बूट असे चमकवायचे की वर्गात त्यांना कॅप्टन म्हणायचे. हा माणूस मला पाठ आहे, असं मी चारचौघांत सांगत आले. काल साठ जणांसमोर मला समजलं की मधली पानं तुझ्याकडे आहेत.

अडतीसच्या अडतीस तुझ्याकडे आहेत का, आणि का आहेत, ते कळव.

लोभ आहे. तो वाढावा अशी सध्या इच्छा नाही.
वहिनी


१४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि मशीनवर बसले, तर एका झग्याची बाही उलटी शिवून ठेवली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तुला न विचारता वाचलं, ते चुकलं. सगळे एकामागून एक उठून तो किती हसरा, किती बिनधास्त असं सांगत होते. माझ्या दादाबद्दलच बोलताहेत का, असं मला वाटायला लागलं आणि राहवलं नाही.

हो, अडतीसही माझ्याकडे आहेत, शिवणाच्या मशीनच्या खणात. तुझ्या क्रमांकांत खाडे पडले हे मला माहीत नव्हतं. तो घरच्या सगळ्या पत्रांची नोंद एकाच वहीत ठेवायचा, मग पत्र कोणालाही जावो. तू पोस्टमास्तरांशी भांडलीस हेही आज कळलं.

का, ते माझ्या पहिल्या पत्रात, म्हणजे १२ मध्ये आहे. त्याने ११ मध्ये तुला पहिल्या वादळाबद्दल लिहिलं होतं, फार घाबरलो होतो म्हणून. त्यावर तू उत्तर दिलंस की घरात एक तान्हं रडतंय तेवढं पुरे आहे, दुसरं टपालाने पाठवू नका. तो तुझ्यावर रागावला नव्हता. ती एकटी आहे, बाळ आहे, शाळेतली नोकरी आहे, तिचं बरोबर आहे, यापुढे असलं काही, छबू, तुला कळवत जाईन, असं त्याने लिहिलंय.

तुला वाटतंय मला घबाड मिळालं. वहिनी, मला आग यायची आणि पुढचं टपाल येईपर्यंत तो आहे की नाही हेही कळायचं नाही. बोलायची सोय नव्हती, कारण कोणाला सांगू नकोस अशी ताकीद. मी तुझ्याकडे यायची तेव्हा तू नकाशा पसरून मुलांना बंदरं दाखवत असायचीस, त्याच्या गमती वाचून दाखवायचीस. मी सगळ्यांबरोबर हसायची आणि घरी जाताना तुझ्यावर जळायची. उडणारे मासे मला तुझ्या ह्या पत्रातून कळले. मला त्याने एक साधा मासाही कधी पाठवला नाही.

पत्रं पाठवत नाही. टपालावर तुझा विश्वास नाही आणि सध्या तुझ्या रागावर माझा नाही.

मुलांना आशीर्वाद. बोल हवं तितकं, पण मला तोडू नकोस.
तुझी,
छबू


१९ मार्च

छबूस,
आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलंस तसलं वाक्य मी लिहिणं शक्य नाही, असं उत्तर तुला द्यायला बसले होते. मग ह्यांची हत्यारांची पेटी उघडली. माझी पत्रं हे तिच्या तळाशी ठेवत. वाक्य आहे, लहानपणी शाळेतल्या नन्सनी घोटून घेतलेल्या तिरक्या, सुबक अक्षरात. मुलगी पाच महिन्यांची होती, माझी रजा संपून शाळा सुरू झाली होती, आणि मी ते थट्टेने लिहिलं होतं. ह्यांनी ते हुकमासारखं पाळलं. नौदलातल्या माणसाशी थट्टा करताना हे ध्यानात ठेवायला हवं होतं.

माझी जळफळ कमी झाली असं समजू नकोस. उलट आता जास्त होते. तुझी झोप उडायची, ती माझी उडायला हवी होती. ६२ ची झेरॉक्स सोबत ठेवते आहे. मूळ प्रत मिळणार नाही.

आता मुद्दा. शेवटच्या आजारात हे हॉस्पिटलात अकरा दिवस होते. तू चार वेळा आलीस आणि चारही वेळा ह्यांनी मला चहा आणायला कॅन्टीनमध्ये पाठवलं. चहा आणला की अर्धा तसाच राहायचा. मला दोन घटका मोकळं करताहेत असं मी समजत होते. मी विचारलं की मला म्हणायचे, झकास आहे.

तुला काय म्हणाले? भीती वाटत होती का? आणि वाटत होती तर ती मला सांगावी, निदान आता तरी सांगावी, असं एकदा तरी म्हणाले का? कोणाला सांगू नकोस अशी ताकीद याही वेळी दिली असेल तर ती मी बायको ह्या नात्याने रद्द करते.

फोन करू नकोस. तू रडशील, मी ओरडेन आणि मुद्दा राहून जाईल. उत्तर लेखी हवं, शुक्रवार, २८ मार्चच्या दुपारच्या टपालाच्या आत. आणि गोड करून लिहू नकोस. तसली पत्रं माझ्याकडे एकशे चार आहेत.

वहिनी