देव्हाऱ्यातली गोळी

शनवारा, बुरहानपूर
रविवार, १५ फेब्रुवारी २०१५

सौ. भागाबाई विहीणबाई यांस,

सुनंदाचा नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'तिकडे सर्व सुखरूप असाल' असं लिहायची पद्धत आहे, पण आज ते लिहवत नाही. म्हणून निदान आमचं कळवते. आमचे हे बरे आहेत. परवाच्या शिवरात्रीसाठी रताळी आणायला गेले आणि भोपळा घेऊन आले. मला कालपासून कणकण आहे, नाक गळतंय, पण काळजीचं काही नाही.

फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, असं तुम्हाला वाटेल. खरं सांगू का, तुमचा फोन सदा स्पीकरवर असतो. मी 'शारदा कशी आहे' विचारते आणि तिकडून तुम्ही, गिरधरभाऊ, दीर, जाऊ आणि दूध घालायला आलेला माणूस, सगळे मिळून 'बरी आहे' म्हणता. स्वतः यावं तर विहीण दारात दिसली की तुमच्याकडे पुरण शिजायला लागतं, ओटी भरतात, आणि बोलायचं ते राहून जातं. शिवाय अशा अंगाने मी तिच्याजवळ येऊही नये. आणि आमचा श्रीकांत! घरी माझ्याशी तावातावाने भांडतो, पण जावई म्हणून तुमच्यापुढे बसला की त्याच्या तोंडून 'हो'पलीकडे शब्द फुटत नाही. तेव्हा त्याच्या हाती हे पाठवते आहे. एकटीने वाचा.

डोहाळजेवण तुम्ही फार हौसेने केलंत. केळीचे खांब लावून केलेला मखर आणि त्यात बसलेली शारदा अजून डोळ्यांसमोर आहे. त्या गर्दीत कोण खोकत होतं, याचा शोध आता घेण्यात अर्थ नाही.

आपल्या दोन्ही घरांत एक रीत आहे. पहिलटकरीण माहेरी गेली की बारशापर्यंत ती माहेरची. सासूने तिच्या खाण्यापिण्यात आणि औषधपाण्यात तोंड घालायचं नाही. मी ती पाळली. तुम्ही तिचं वांगं बंद केलंत, दही बंद केलंत, मी गप्प बसले. आज बसवत नाही.

काल ताप आणि खोकला वाढला म्हणून श्रीकांत तिला इथल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आला, तेव्हा मी तोंडाला रुमाल बांधून दवाखान्याबाहेर लांब उभी होते. बाई बाहेर येऊन आम्हा दोघांना समजावून गेल्या. हा फ्लू गरोदर बाईला इतरांपेक्षा जास्त धोक्याचा, छातीत लवकर उतरतो. गोळी जितकी लवकर सुरू होईल तितका तिचा उपयोग, घशाच्या तपासणीचा कागद येईपर्यंत थांबायचं नाही. काहीतरी खाऊन घ्यायची, म्हणजे मळमळ कमी होते. बरं वाटलं तरी मध्येच सोडायची नाही. श्रीकांतने विचारलं, "मी पण एक घेऊ का, खबरदारी म्हणून?" त्यावर त्या म्हणाल्या, "ये कोई प्रसाद है क्या, जो सबको बाँटना है? जिसके नाम की है वही खाएगी." दारात बसलेले सगळे हसले, श्रीकांत सोडून.

आता मुद्द्यावर येते. ती गोळी तुम्ही देव्हाऱ्यात, इच्छादेवीच्या फोटोपाशी ठेवून दिली आहे असं मला कळलं. श्रीकांतने सांगितलं असं समजा.

नाही, खोटं कशाला लिहू. त्याने नाही, शारदानेच सांगितलं. आज सकाळी गोठ्यामागे जाऊन तिने मला फोन केला. म्हणाली, "आई, पहिली गोळी मी उपाशीपोटी घेतली, नुसत्या चहावर, तर उलटी झाली. मम्मी बोली, ये गरम है, बच्चे को लगेगी. देवापाशी ठेवून दिली. एक पप्पांना दिली, त्यांना खोकला आहे ना, वाया कशाला जायची म्हणून. तुम्ही मम्मीला काही बोलू नका हं. ती लगेच रडते."

एवढं बोलताना ती तीनदा थांबली, विहीणबाई. शब्द संपले म्हणून नाही, श्वास पुरत नव्हता म्हणून.

मी लगेच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, धाप लागते आहे तर तिला घरी ठेवू नका, आत्ता घेऊन या, दाखल करू. निघताना दोन घास भात खाऊ घाला आणि गोळी द्या. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दोन एकदम देऊ नका. श्रीकांत गाडी घेऊनच आला आहे. आणि गिरधरभाऊंनाही गाडीत बसवा. त्यांचं मूत्रपिंड आधीच कमजोर, अशा माणसाला हे औषध तोलूनमापून द्यावं लागतं म्हणे. त्यांचा खोकला हा बिडीचा आहे हे आपल्या दोघींना ठाऊक आहे.

तुमच्यावर रागावले आहे असं समजू नका. सकाळी फोन ठेवला तेव्हा रागावले होते, खोटं बोलत नाही. मग शारदाने मागे कधीतरी सांगितलेलं आठवलं. तिच्या आधीचं तुमचं बाळ. तापात इंजेक्शन घेतलंत आणि ते पोटातच गेलं. ते इंजेक्शनने झालं की तापाने, आज कोण सांगणार? मी काही डॉक्टर नाही, चौथीच्या पोरांना शिकवणारी मास्तरीण होते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नुसता तापही पोटातल्या जिवाला सोसत नाही, आणि गरोदर बाईला ही गोळी त्या पूर्ण विचार करूनच देतात. तुमच्या मनात असेल नसेल ते सगळं त्यांना विचारा. कितीही वेळा विचारा.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. गुडघ्यांमुळे मला वाकता येत नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात शारदाने ते पाहिलं आणि एका दुपारी माझा पाय मांडीवर घेऊन नखं कापायला बसली. मी ओशाळले, तर म्हणते, "आई, हिलू नका, लागेल." त्या दिवसापासून ती माझी झाली. हे तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं, तुमची लेक मी पळवली असं वाटेल म्हणून.

सगळे तिला म्हणतात, बाळाला जप. मीही म्हणत आले. पण आज स्पष्ट लिहिते. मला आधी शारदा हवी. बाळ आलं तर दोघी मिळून त्याचे लाड करू, पण आधी शारदा. तिला गाडीत बसवा, विहीणबाई. पाया पडते.

तुमच्या लेकीची दुसरी आई,
सुनंदा


इच्छापूर
रविवार, २२ फेब्रुवारी २०१५

सुनंदाताई,

सातवीची परीक्षा दिल्यानंतर एवढं मोठं आजच लिहिते आहे. मास्तरीणबाईंनी लाल शाई काढू नये.

शारदा काल घरी आली हे तुम्हाला कळलंच आहे. आता ताप नाही. दवाखान्यात नाकाला लावलेली ती नळी निघाली तेव्हा पहिलं वाक्य काय बोलली असेल? "मम्मी, भूक लगी." शेवटची गोळी पण झाली, दर वेळी मी आधी भाकरीचा तुकडा खाऊ घालून मगच दिली. बाळ पोटात चांगलं फिरतं आहे. डॉक्टरीणबाईंना मी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्याच मला म्हणाल्या, "माताजी, अब मैं चाय पी लूँ?" पण एकदाही चिडल्या नाहीत. तुम्ही बऱ्या झालात का? तुम्ही रोज खिडकीखाली रस्त्यावर उभ्या राहून जायच्या, ते मी वरून पाहत होते.

आमच्या ह्यांची तपासणी झाली. एका गोळीने काही बिघडलं नाही, पण बाईंनी असं झापलं की आता खोकल्याची वडी सुद्धा विचारून चघळतात. बिडीचं मात्र विचारत नाहीत.

तुम्ही सांगितल्यासारखं पत्र मी एकटीने वाचलं, चुलीपाशी बसून. मग देवीपुढून गोळी उचलली. शारदा समोर बसली, भात खाल्ला, गोळी घेतली आणि माझ्याकडे बघत राहिली, मी रडते का म्हणून. मी रडले नाही. तिला गाडीत बसवून आले आणि मग चप्पल घालायला परत आत गेले, तेव्हा रडले.

भीतीने नाही, ताई. ते दुसरंच होतं. कसं लिहू ते समजत नाही, म्हणून इतका वेळ बिडीचं आणि चहाचं लिहीत बसले.

माझं ते बाळ गेलं तेव्हा घरात सगळे रडले. सासू रडली, नणंदा रडल्या, हे पण रडले. पोरगा होता म्हणून जास्तच रडले. मी खोलीत पडून होते, अंगात ताप तसाच होता. माझ्या कपाळाला कोणी हात लावून पाहिला नाही. मी पण कोणाला सांगितलं नाही की मला अजून ताप आहे. वाटलं, आता कशाला सांगायचं, ज्याच्यासाठी जपायचं तो तर गेला.

तुम्ही लिहिलं, मला आधी शारदा हवी. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. असं सासू बोलू शकते, हे मला माहीत नव्हतं.

नखं कापायचं तिला मी शिकवलं नाही. ते तिचं तिचं आहे. पण ती येईपर्यंत तुमची नखं वाढतील, तर मी येते आहे मंगळवारी. पुरण नको, ओटी नको. नुसतं पाणी गरम करून ठेवा.

विहीणबाई म्हणू नका आता.

तुमची लहान बहीण,
भागा