लाल टिकली लावलेला कोट

क्लिफ्डन, ४ मे १९९७

ती. फिंटन यास धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू हवामानापलीकडे बोलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुमच्या हॉटेलच्या बागेतल्या प्रदर्शनासाठी मंगळवारी ट्रकने माझं शिल्प येतंय. डोनलचा ओव्हरकोट, ब्राँझमध्ये ओतलेला, आत माणूस नाही. खिसे मात्र फुगलेले, कारण माझा नवरा खिशात हात घालूनच जन्माला आला होता. हसायचं तर हस.

एक मात्र मनावर घे. हा कोट विकला गेलाच पाहिजे. डोनलला जाऊन तीन वर्षं झाली. त्यातलं दीड वर्ष कोट करण्यात गेलं आणि दीड त्याच्याकडे बघत बसण्यात. कामाच्या खोलीत पाऊल टाकावं तर हा समोर उभा. मातीला हातच लागत नाही. न विकलेली शिल्पं सप्टेंबरअखेर परत पाठवतात म्हणे. हा परत आला तर मी त्या खोलीला कुलूप घालीन आणि पुन्हा उघडणार नाही. तेव्हा त्याला तुझ्या गुलाबांत कोंबू नकोस, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेव.

आणि पाव-चहा म्हणजे जेवण नव्हे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
ऊना


केन्मेअर, २ जून

चि. ऊना हिस अनेक आशीर्वाद.

कोट सुखरूप पोचला. चौघांनी मिळून उतरवला. डोनल असता तर एकही बोट न लावता तो कसा उचलावा हे त्याने आम्हाला शिकवलं असतं. तळ्याकाठी विलोच्या झाडाखाली ठेवलाय. शेजारी डब्लिनच्या कुणा पोराच्या तीन स्टीलच्या नळ्या आहेत. त्या म्हणजे समुद्र आहे म्हणे. मला तर पंपाची मोडतोड वाटते, पण माळ्याला कोण विचारतो.

पाहुणे कोटाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. मुलं खिशात आइसक्रीमच्या काड्या टाकतात, त्या मी सकाळी काढतो. तू सांगितलंस तसं मऊ फडक्याने मेणही चोळतो. सकाळचा चहा तिथेच घेतो, म्हणजे लक्ष राहतं.

विक्रीची रीत अशी, की सौदा ठरला की आमच्या मॅनेजरीणबाई मिसेस क्रीडन मला हाक मारतात आणि मी पाटीवर लाल टिकली चिकटवतो. टिकल्यांचा कागद माझ्याच खिशात असतो. एक जर्मन जोडपं कोटाभोवती तीनदा फिरलं. जुलैत परत येतो म्हणाले. बघू.

थंडी बाधू देऊ नकोस. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझा,
फिंटन


क्लिफ्डन, २० जुलै

ती. फिंटन यास सा. न. वि. वि.

लबाडा, कळवलं का नाहीस? माझी मैत्रीण मॉरा तुमच्या हॉटेलात चहाला आली होती. तिने पाटीवरची लाल टिकली पाहिली आणि घरी पोचताच मला फोन केला. मी स्वयंपाकघरात बसून पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी खोली झाडून काढली. तिसऱ्या दिवशी मातीत हात घातला, फिंटन! शेजाऱ्यांची म्हातारी गाढवीण करतेय. मेली दोन मिनिटं स्थिर उभी राहील तर शपथ. पण हात चालतायत.

कोणी घेतला? त्या जर्मनांनी? त्यांच्याकडे मोठी खिडकी आहे का? सगळं लिही. तुझ्या चार ओळींवर माझं भागत नाही.

तुझी,
ऊना


केन्मेअर, १४ सप्टेंबर

चि. ऊना हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचेना. आता तीस तारखेला ट्रक येणार, आणि मिसेस क्रीडन मला विचारतायत की हा कोट घेतला तरी कोणी.

कोणीच घेतलेला नाही. टिकली मी लावली.

जर्मन परत आले होते. घ्यायचाच म्हणून आले होते. मिसेस क्रीडन जेवायला गेल्या होत्या, म्हणून मी त्यांना बाकावर बसवलं आणि तळ्याकडे गेलो. का गेलो, मलाच कळलं नाही. ते आले तेव्हा पाटीवर टिकली होती. त्यातली बाई हळहळली. त्यांनी नळ्या घेतल्या.

मी आणि डोनल चाळीस वर्षं दर रविवारी मासे धरायला जायचो. दिवसभरात दहा शब्द व्हायचे, त्यातले आठ त्याचे. तो गेल्यापासून माझ्याशी बोलणारे पुष्कळ आहेत, पण गप्प बसायला कोणी नाही. कोटापाशी चहा घेताना तेवढा वेळ बरं वाटायचं. मग तुझं ते गाढविणीचं पत्र आलं. खरं सांगितलं तर तुझे हात थांबतील या भीतीने तोंड शिवून बसलो. चुकलो. तू म्हणशील ते करतो.

तुझा अपराधी,
फिंटन


क्लिफ्डन, १९ सप्टेंबर

ती. फिंटन यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. एवढा म्हातारा झालास, पण अक्कल आली नाही. तिसऱ्या दिवशी, आता हात चालतात का ते बघायला भीत भीत खोलीत गेले. चालले. गाढविणीचे कान पुरे झाले. कोट विकला गेला म्हणून हात चालतात असं मी समजत होते, ते काही खरं नव्हतं.

काम करता करता डोनलचा अंत्यविधी आठवला. तीनशे माणसं रांगेने आली. प्रत्येकाने आपल्या रिवाजाप्रमाणे माझा हात हातात घेतला आणि वाईट झालं म्हणून गेला. तू तेव्हा पावसात रस्त्यावर उभा राहून मोटारी लावून देत होतास, शेवटची मोटार जाईपर्यंत. तुझ्यापाशी कोणी आलं नाही. मीही नाही. माझा नवरा गेला एवढंच मला दिसत होतं.

कोट तुझ्याकडे ठेव. मिसेस क्रीडनना मी लिहिलंय; ट्रकवाला तो तुझ्या अंगणात उतरवील. पण मग मी तिकडे येणार नाही, फिंटन. त्याच्यासमोर उभं राहणं मला जमायचं नाही, बहुतेक कधीच नाही. जमेल तेव्हा तूच येत जा.

आणि तीन वर्षं उशिरा का होईना, मी हात पुढे केलाय असं समज. तुझा डोनल गेला रे. फार वाईट झालं.

तुझी,
ऊना