शांतपणे रंगवायची खोली

२ फेब्रुवारी, सकाळ
बाळाची खोली मी स्वतः रंगवणार. पेंटर रद्द. बायकोला नववा लागला आहे, म्हणजे हातात भरपूर वेळ. चार भिंती. त्यात काय एवढं?
बायकोची एकच अट. घरात पुन्हा काही फेकलं, आपटलं, फोडलं, तर ती बाळाला घेऊन दवाखान्यातून थेट आईकडे जाणार. म्हणे, मी ओरडलो की पोटात बाळ दचकतं. काहीतरीच! दचकत नाही, खेळतं.
तरी अट मान्य. मुळात मी शांत माणूस आहे. (टीव्हीचा रिमोट निसटला होता.)

४ फेब्रुवारी
रंगाचं दुकान. बायकोने फिकट पिवळा निवडला. मी ठसठशीत पिवळा घेतला. बाळाला नीट दिसायला नको का?
दुकानदार म्हणाला, आधी भिंत खरवडा, ओल आहे का बघा, पुट्टी भरा, प्राइमर मारा, मग रंग. सगळे माल खपवायचे धंदे. मी त्याला शांतपणे समजावलं. समजावताना काउंटरवर हात जरा जोरात टेकला गेला आणि ब्रशांचा स्टँड आडवा झाला. तो आधीच डुगडुगत होता.

७ फेब्रुवारी
थेट रंग मारला. पुट्टी नाही, प्राइमर नाही. खिडकीकडची भिंत एका दुपारीत फत्ते. झक्कास! पेंटर लोक उगाच भाव खातात.

८ फेब्रुवारी, सकाळी ८
भिंतीला फोड आले आहेत. पिवळे, टपोरे. एक नखाने उचकटला तर हातभर पोपडा खाली आला.
डबा हातातून सुटला. सुटून समोरच्या भिंतीवर जाऊन फुटला. याला फेकणं म्हणत नाहीत.
आवाज ऐकून बायको आली. दोन्ही हात पोटावर. तिला वाकायला नको म्हणून फरशी मीच पुसायला घेतली. त्यात बादलीला पाय लागला. बादली चेपली. प्लॅस्टिकच्या बादल्यांना हल्ली दर्जा राहिलेला नाही.

११ फेब्रुवारी
मेहुणा आला. मी त्याला थंडोबा म्हणतो, मनातल्या मनात. भिंतीवर पंजा ठेवून म्हणतो, भावोजी, आतला पाइप गळतोय, प्लंबर बोलवा. माझ्या घरात येऊन मला माझी भिंत शिकवतो!
चर्चा झाली. चर्चेच्या ओघात रोलर त्याच्या थोबाडाला लागला. मग थंडोबाने माझी कॉलर धरली. मी त्याचे केस धरले. शिडी आडवी, आम्ही दोघं तिच्यावर आडवे, दोघंही पिवळे. त्याचा ओठ फुटला, माझं नाक. बायकोने दारातून इतकंच म्हटलं, की आता बास.
सुरुवात त्याने केली. भिंतीला हात लावायची काय गरज होती?
संकल्प: राग आला की दहापर्यंत आकडे मोजायचे. राग येत नाही, पण असू द्यावा.

१४ फेब्रुवारी
मोजले. सातपर्यंत उत्तम चाललं होतं.
हातोडी घेतली ती फक्त ओल शोधायला. पहिला घाव तपासणीचा. पुढचेही तपासणीचेच. आधी पोपडे गेले, मग प्लास्टर, मग विटा. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. तोंडाने काहीतरी बोलतही होतो, काय ते आठवत नाही. पाइप सापडला. हातोडीलाच सापडला. पाण्याचा फवारा थेट तोंडावर. मग पाइपलाही दोन ठेवून दिल्या.
तेव्हा हातोडी सुटली. कोपऱ्यात नवा पाळणा होता. त्याचा कठडा मोडला.
बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. घोटाभर पाण्यात खाली बसली आणि कठड्याचे तुकडे गोळा करायला लागली. मी म्हटलं, असू दे, मी करतो. तिने ऐकलं नाही.
कळा संध्याकाळीच सुरू झाल्या.

१५ फेब्रुवारी
मुलगी! दोघी सुखरूप. दवाखान्यात मी कमालीचा शांत होतो. बाहेरच्या बाकाचा पाय आधीच सैल होता. नर्सलाही ते सांगितलं.

१८ फेब्रुवारी
दोघी दवाखान्यातून थेट सासूबाईंकडे गेल्या. गाडी मेहुण्याने चालवली, ओठ अजून सुजलेला.
मी बायकोला समजावलं, की मी काहीही फेकलेलं नाही, सगळं हातातून सुटलं. ती म्हणाली, हो, तुझ्या हातातून सगळं सुटतंच.
घरी आलो. खोलीतला पाइप प्लंबरने बंद केला आहे. भिंतीला भगदाड. तिथे माझा आवाज घुमतो. बराच वेळ ओरडून पाहिलं.

१ मार्च, सासूबाईंकडे
मेहुण्याने इथली खोली रंगवली आहे. फिकट पिवळी. एक फोड नाही. मी सगळीकडे नखाने पाहिलं.
मुलगी झोपली होती. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती हलली नाही. मिक्सर चालू झाला, हलली नाही. मेहुण्याच्या हातून स्टीलचं पातेलं पडलं, तरी गाढ. मी म्हटलं, वा, शूर आहे पोरगी. एवढंच म्हटलं, तेही साध्या आवाजात.
ती अख्खी दचकली. दोन्ही हात वर, मुठी आवळलेल्या, आणि टाहो.
मी हरखून म्हटलं, बापाचा आवाज ओळखला हिने! बायकोने तिला उराशी घेतलं. म्हणाली, हो, ओळखलाच.
सासूबाई म्हणाल्या, जरा बाहेर बसा.
बाहेर आलो. दार हळूच लोटलं. ते नीट लागलं नाही. पुन्हा हळूच लोटलं.