पेटीवरचा पतंगी कागद

सांगली,
ता. ३ डिसेंबर १९७४

ती. आबा व ती. सौ. आई यांच्या चरणी अंजनाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत. तुमच्या जावयांनी माशांची काचपेटी एस.टी.तून मांडीवर आणली. रोपं ओल्या टॉवेलात आणि मासे दुधाच्या किटलीत. शेजारी बसलेल्या बाई कराडपासून दुधाचा भाव विचारत होत्या. शेवटी यांनी झाकण उघडून दाखवलं, तेव्हा त्या जागा बदलून बसल्या.

आबा, दिसत नाही तर ठेवू कशाला, असं म्हणून तुम्ही पेटी मला दिलीत, तेव्हा मला फार वाईट वाटलं. जिवापाड जपायची असं ठरवलं होतं, पण आठवड्यातच घोटाळा झाला. तुमच्या माजघरात तिच्यावर एकच मिणमिणता दिवा असायचा. यांचं पडलं विजेच्या सामानाचं दुकान. यांनी हौसेनं दोन ट्यूबा अगदी काचेला टेकवून बसवल्या. पहिल्या रात्री सगळी गल्ली बघायला आली. आता पाण्यातल्या रोपांची पानं पांढरी पडलीत आणि वर हिरवा बुळबुळीत थर चढलाय. शेजारच्या हरणाबाई म्हणतात, मेली ती, फेकून दे. हे म्हणतात, उजेड कमी पडतोय, तिसरी ट्यूब लावू. मी काय करू ते लगेच कळवा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याचा चष्मा मिरजेहून आला का? माशांच्या ऐवजी आता मला बघायला या.

थोरामोठ्यांस नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी.

तुमची लेक,
अंजना

*

सातारा,
ता. ९ डिसेंबर १९७४

चि. सौ. अंजना व चि. लालासाहेब यांस राहीबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र यांना वाचून दाखवलं. तिसऱ्या ट्यूबचं ऐकून हे पलटणीत ओरडायचे तसे ओरडले. आता हे सांगतील तसं लिहिते. रोपं मेली न्हाईत, नुसती भेदरल्यात. जल्मभर सावलीत वाढलेल्याला एकदम भर दुपार दाखवली तर दुसरं काय व्हणार. एक ट्यूब काढ, दुसरी हातभर वर टांग. काचेवर पतंगाच्या कागदाचे चार पदर घाल आणि आठवड्याला एकच पदर काढ. पांढरी पानं खुड, खालनं नवी येतील. आणि जावयबापूंना म्हणावं, जरा दम धरा.

आता माझं. हे समोर बसून विचारताहेत, एवढं काय लिहितेस. कडबोळ्यांची कृती, असं सांगितलंय. अगं, चष्मा आला. पण लावल्याबरोबर ऊन डोळ्यांत घुसलं, उंबरा जागचा हलला आणि माझं तोंड परातीएवढं दिसलं म्हणे. सवय व्हायला वेळ लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यांनी दुसऱ्याच दिवशी चष्मा ट्रंकेत टाकला. ऑपरेशन वाया गेलं, आता दुसऱ्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही, असं म्हणून खिडकी लावून बसतात. तो दुसराही विझत चाललाय. इतक्या रुबाबाचा माणूस भिंत चाचपत चालतो, ते मला बघवत नाही. अंजू, मला फार भीती वाटते. काहीतरी सुचव.

जावयांस व तुला आशीर्वाद. लोभ आहेच, पत्राला मात्र उशीर नको.

तुझी आई

*

सांगली,
ता. २२ डिसेंबर १९७४

ती. सौ. आईस अंजनाचा शि. सा. नमस्कार.

आबांना आधी एवढंच वाचून दाखव. एक ट्यूब उतरवली. तुमचे जावई रुसले होते, पण पतंगाचा कागद त्यांनीच आणला, गुलाबी. मासे सध्या लग्नघरात असल्यासारखे दिसतात. कालच पहिला पदर काढला आणि बुडाशी नखाएवढं कोवळं पान दिसलं. आबा, तुमचं खरं ठरलं.

आई, इथून पुढचं मनात वाच. आबांनी रोपांना सांगितलं तेच आबांना कर. माजघराची खिडकी उघड आणि तिला जुन्या धोतराचे चार पदर लाव. त्या अंधुक उजेडात बसल्या बसल्या थोडा वेळ चष्मा लावायला लाव. मग आठवड्याला एक पदर गुपचूप काढ. पडदा कशाला विचारलं तर डास फार झालेत म्हण. चष्मा लावत नसले, तर अंजीचं अक्षर लागत नाही, जरा वाचून द्या म्हण. अशी मदत कुणी मागितली की आबांना नाही म्हणवत नाही.

रोपांपेक्षा मला त्यांची काळजी आहे. जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
अंजू

*

सातारा,
ता. १२ जानेवारी १९७५

चि. सौ. अंजनास राहीबाईचे आशीर्वाद.

पोरी, तुझी युक्ती लागू पडली. तू लिहिलंस तसं अक्षर लागत नाही म्हटलं आणि घरात हाताला लागलं ते तुझं पत्र यांना दिलं. कुरकुरत ट्रंकेतून चष्मा काढून लावला. एक दुपार पत्र डोळ्यांशी धरून बसले होते. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाले, सगळी खुशाल हायत. तेव्हापासून कसे गरीब गाईसारखे वागताहेत. डासांचंही पटलं. एकेक पदर काढतेय, यांना पत्ता नाही. काल पलटणीची टोपी डोळ्यांवर ओढून ओट्यापर्यंत गेले. दुसऱ्या डोळ्याचं मात्र नाव काढू देत नाहीत.

संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवलाय. गोड खा आणि गोड बातमी कळव.

तुझी आई

*

सातारा,
ता. २ फेब्रुवारी १९७५

चि. सौ. अंजनास आबांचे अनेक आशीर्वाद वि. वि.

अक्षर मोठं आहे आणि ओळी घाट चढताहेत, तरी समजून घे. चार वर्षांनी पेन हातात धरलंय.

तुझ्या आईनं मला वाचायला दिलं ते तुझं बावीस तारखेचं पत्र. मनात वाच असं लिहिलं होतंस, म्हणून मी मनातच वाचलं. आधी लय राग आला. मग वाटलं, रोपांना शहाणपण शिकवणारा मी, माझ्यावर पाळी आली तर एका दिवसात हात टेकले. तेव्हापासून गप्प राहून ती करते ते करू देतोय.

काल शेवटचा पदर काढायला ती स्टुलावर चढली. मला झोप लागली असं तिला वाटलं. खिडकीतनं ऊन आलं आणि तिचं डोकं दिसलं. पार पांढरं झालंय गं. माझ्या मनात अजून काळाभोर अंबाडाच होता. आवाज तोच, बांगड्या त्याच, म्हणून मी विचारलंही नाही. पेटीतली पांढरी पानं खुडून नवी आली, हे केस काही परत काळे व्हायचे नाहीत. आणखी उशीर केला तर काय काय बघायचं राहून जाईल, कुणास ठाऊक.

मिरजेला जाऊन दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरव. त्याआधी सांगलीला येऊन पेटी बघेन. जावयबापूंना म्हणावं, मी आल्यावर दुसरी ट्यूब लावू.

सर्वांस आशीर्वाद. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझे,
आबा

ता. क. मी तुझं ते पत्र वाचलंय, हे आईला कळवू नकोस. डासांवर माझा विश्वास बसलाय, असं तिला वाटू दे.