बाराव्या विहिरीचा मार्च

सिडको, औरंगाबाद
१२ फेब्रुवारी २०१३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण कानाला यंत्र लावूनही तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं मनानं भरतेस, म्हणून पत्र.

आमच्या कंपनीला करमाड भागातल्या टँकरच्या नियोजनाचं काम मिळालंय. बारा विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजतात. त्यावरून कुणाचं पाणी कधी संपेल याचा अंदाज काढायचा आणि त्याप्रमाणे टँकर धाडायचे. सरकारी कार्यालयानं त्यासाठी त्यांचा जुना प्रोग्राम आम्हाला दिला. फाईल उघडली तर वरच लिहिलेलं, सुगंधा शिंगाडे, १९८५. मी खुर्चीतून उठून सगळ्या ऑफिसला ते नाव दाखवलं. जुन्या फोरट्रानच्या नियमानं आतली सगळी नावं सहा अक्षरांच्या आत कोंबलेली, आणि मधेमधे दटावणी: इथं हात लावू नये, कारणाशिवाय बदलू नये. तू समोर बसून बोलतेयस असंच वाटलं.

आमच्या अप्पाराव सरांना मात्र त्याचं कौतुक नाही. कंपनी त्यांची, शब्द त्यांचा. फोरट्रान म्हणजे म्हाताऱ्यांची भाषा, ती फेकून सगळं सी भाषेत नव्यानं लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी भर मीटिंगमध्ये नाही म्हणाले. टँकरची खरी गरज एप्रिलपासून पुढं. अठ्ठावीस वर्षं पारखलेलं गणित फेकून नवं कधी लिहायचं आणि कधी तपासायचं? नकाशे आणि तक्ते मी सीमध्ये करीन, गणित आत्याचंच राहील आणि दोन्ही जोडून दाखवीन, असं सांगून मोकळी झालेय. आता जोडायचं कसं ते तू सांग. बाबा मेंढरं घेऊन गोदावरीकडं उतरलेत, खुशाल आहेत.

दुष्काळ कितीही पडो, माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
सत्यशीला


मु. बिरोबाची वाडी, पो. करमाड
१९ फेब्रुवारी २०१३

चि. सत्यशीला हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या सरांना माझा निरोप दे. म्हाताऱ्यांची भाषा आहे खरी, पण हवामानाची मोठमोठी गणितं आजही तीच करते. ती काही कुणाच्या ओसरीवर दिवस काढत नाही.

जोडणीचं म्हणशील तर आमच्या वेळी तो सगळा अंदाजपंचे कारभार होता. फोरट्रानचं म्हणणं मशीनला समजावणारा एक कंपायलर प्रत्येक नावाच्या शेवटी अधोरेषा चिकटवायचा, दुसरा सगळं नाव मोठ्या अक्षरांत करायचा. सीमधून हाक मारायची तर आधी त्या कंपायलरची खोड माहीत हवी. मशीन बदललं की जोडलेलं सगळं तुटायचं. त्यात देण्याघेण्याची रीत निराळी. शेजारणीनं वाटीभर साखर मागितली तर सी वाटी भरून हातात देते, आपली फोरट्रान डबा कुठं ठेवलाय तेवढं सांगते.

मग फोरट्रानच्या नियमांचा जो ग्रंथ आहे, त्याच्या २००३ च्या आवृत्तीत हे सगळं पहिल्यांदा रीतसर लिहून काढलं. बाइंड सी असं लिहिलं की नाव ठरवलेलंच राहणार. व्हॅल्यू लिहिलं की वाटीच हातात पडणार. सीचा पूर्णांक आणि आपला पूर्णांक एका मापाचा असावा म्हणून त्याचीही सोय आहे. निवृत्त झाल्यावर करमाडच्या नेट कॅफेत बसून मी तो भाग छापून आणला. कॅफेवाल्याला वाटलं बाई पोथी छापतेय.

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे. सीच्या ग्रंथात आपलं नावसुद्धा नाही. जुळवून घेण्याची सगळी कलमं आपल्याच बाजूला. त्यात कुणाला कमीपणा दिसत असेल तर दिसो बापडा. मी म्हणते, ज्याला येतं तोच जुळवून घेतो.

तक्त्यांचं कलम नीट वाच. आणि आणखी एक ध्यानात ठेव. यादीत आधी अकराच विहिरी होत्या. मेंढपाळांची चाळीस घरं, त्यांची विहीर कशाला मोजायची, असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते. बारावी, आपल्या वाडीची, मी भांडून घातली. तिला कुणी हात लावला तर मला आधी कळव.

आशीर्वाद मागावे लागत नाहीत, ते आहेतच.

तुझी आत्या,
सुगंधा


सिडको, औरंगाबाद
२ एप्रिल २०१३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जोडलं! तुझ्या गणिताला हात लावला नाही, वरून एक छोटी जोडफाईल लिहिली. नावं, वाट्या, मापं, सगळं तू सांगितलंस तसं. तक्त्यांचं कलमही वाचलं. त्यात म्हटलंय की दोन भाषांत तक्त्याची मापं उलट्या क्रमानं लिहायची. आपल्या विहिरी बारा, महिने बारा. उलटं केलं तरी बारा बाराच! मी हसले आणि पुढं गेले.

काळजी करू नकोस, तपासूनच दिलंय. तक्त्यातला पहिला आकडा बरोबर, शेवटचा बरोबर, सगळ्यांची बेरीज दशांशापर्यंत बरोबर. ज्या सरांनी नाक मुरडलं त्यांनीच गुलमंडीवरून पेढे आणले. कालच अहवाल कार्यालयात गेला, आता एप्रिलचे टँकर त्यावरून ठरतील.

आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. आणि जालना रोडनं शेंद्र्याकडं गेलं की नव्या इमारतींचे फलक, प्रत्येकावर निळ्याशार पोहण्याच्या तलावाचं चित्र. बसमधून बघताना हसावं की दगड मारावा ते कळत नाही.

माझी आठवण काढत जा, उचक्या लागल्या तरी चालतील.

तुझी,
सत्यशीला


बिरोबाची वाडी
१८ एप्रिल २०१३

चि. सत्यशीला हिस,
अ. उ. आ.

आठ दिवस झाले, वाडीचा टँकर बंद आहे. पहिले दोन दिवस वाटलं, गाडी बिघडली असेल. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आवडाबाईनं विहिरीत दोर सोडला. बादली वर आली ती गाळ घेऊन.

मी बायांना घेऊन करमाडला गेले. तिथल्या कारकुनानं छापील कागद पुढं केला. बारावी विहीर, मार्च, पाणी पाच मीटर, टँकरची गरज नाही. आवडाबाईनं त्याला विचारलं की पाच मीटर पाणी असतं तर आमी काय इथं ऊन खायाला आलोत का. त्यानं हात वर केले. प्रोग्रामच लई जुना हाय, पंच्याऐंशी साली कुण्या बाईनं लिहिलेला, त्याला आपण काय करणार, असं म्हणाला. ती बाई मीच, असं मी सांगितलं. मग त्यानं मला खुर्ची दिली. टँकर दिला नाही.

वाडीत आता लोक म्हणतात, सुगंधाबाईच्या प्रोग्रामनं सुगंधाबाईच्याच वाडीचं पाणी तोडलं. मी हे मानायला तयार नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यानं कोरड्या विहिरीत कधी पाणी दाखवलेलं नाही. मार्चची मोजणी झाली तेव्हा मी काठावर उभी होते. मोजणीदाराच्या वहीत अर्धा मीटर लिहिलेलं या डोळ्यांनी पाहिलंय. मग हे पाच मीटर आले कुठून? ते कुठल्या विहिरीचे आहेत, ते शोधून काढ. बाया रोज दोन किलोमीटरवरून हंडे आणतात, तेव्हा पेढे बाजूला ठेव आणि लवकर शोध.

रागावून लिहिलंय, तरी आशीर्वादात काटकसर नाही.

तुझी आत्या,
सुगंधा


सिडको, औरंगाबाद
२२ एप्रिल २०१३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं. चूक तुझी नाही, प्रोग्रामची नाही, भाषेचीही नाही. माझी आहे.

सी आधी एका विहिरीचे बाराही महिने ओळीनं ठेवते, मग दुसरीचे. फोरट्रान आधी बाराही विहिरींचा जानेवारी ठेवते, मग सगळ्यांचा फेब्रुवारी. ते कलम कुणाचीच मांडणी बदलत नाही. क्रम उलटा आहे, पलटणं तुमचं काम, एवढंच ते बजावतं. मी बारा आणि बारा पाहिले आणि पलटण्यासारखं काही नाही असं समजले. त्यामुळं तुझ्या गणितानं बाराव्या विहिरीचा मार्च मागितला की त्याला मिळाला तिसऱ्या विहिरीचा डिसेंबर. तिसरी विहीर शेंद्र्याकडच्या पाझर तलावाकाठची. गेल्या डिसेंबरात तिला पाच मीटर पाणी होतं.

पहिल्या विहिरीचा पहिला महिना आणि बारावीचा बारावा, हे दोन आकडे उलटल्यावरही जागचे हलत नाहीत. मी नेमके तेच दोन तपासले. बेरीज तर कशीही केली तरी तीच येते. माझ्यामुळं तुम्ही हंडे वाहताय, आणि मी इथं पेढे खाल्ले. लाज वाटते.

सरांना सांगितलं तर ते आधी घाबरले आणि मग चक्क खूश झाले. त्यांनी अहवाल तयारच करून आणला. जुन्या प्रोग्रामात दोष आढळला, तो बाद करून नवा लिहावा, कंपनी लिहून देईल. बारावी विहीर मूळ यादीत नव्हती, तीही वगळावी. खाली माझ्या सहीसाठी जागा. मी सही केली नाही. दोन तारखेला कार्यालयात बैठक आहे, तोवर सही नसेल तर नोकरीही नसेल असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

आत्या, मला भीती वाटते. तीन वर्षं वणवण करून मिळालेली नोकरी आहे, बाबांना काय सांगू? पण सही करणार नाही, हे नक्की. वाडीचा आकडा तेवढा दुरुस्त करून मी स्वतः कार्यालयात नेऊन देते, म्हणजे तुमचा टँकर लगेच सुरू होईल.

हवी तेवढी रागव, पण लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
सत्यशीला


बिरोबाची वाडी
२५ एप्रिल २०१३

चि. सत्यशीला हिस,
अ. उ. आ.

एकट्या वाडीचा आकडा नेऊन देऊ नकोस. उलटले ते सगळेच. ज्या गावात कार्यालयात जाऊन भांडणारी म्हातारी नाही, त्या गावानं काय करायचं? आम्ही आणखी आठ दिवस डोक्यावरून पाणी आणू. बाराही विहिरी एकदम दुरुस्त कर. आधीचा तक्ता आणि आताचा तक्ता शेजारी शेजारी छाप, कुणाचा टँकर गेला आणि कुणाला गरज नसताना मिळाला ते सगळ्यांना दिसू दे. चूक कुठं झाली ते तुझ्या शब्दांत लिही आणि त्याखाली सही कर.

तुझं पत्र मी दुपारभर बसून पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्याच भाचीनं वाडीचं पाणी तोडलं, हे गिळायला जड गेलं. मग उठून आवडाबाईला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली की पोरगी चुकली, पण कबूल तर करती, साहेब लोक तेबी करत नाय. मीही साळसूद नाही. तक्ता बारा बाय बाराचा मीच केला, हा खड्डा मला आधी दिसायला हवा होता. तुला नुसतं नीट वाच म्हणून सांगितलं आणि शहाणपणा मिरवला.

तुझ्या सरांना उद्या प्रोग्राम बदलायचा असेल तर खुशाल बदलू देत. चांगला लिहिला तर मी स्वतः शाबासकी देईन. पण खोटा दोष लावून माझं गणित कुणी बाद केलं, आणि त्या आडून चाळीस घरं यादीतून पुसली, तर मी त्या कार्यालयाच्या दारात बसेन. ऐकू येत नसल्यानं मला उठवणं अवघड जाईल.

घाबरलीस तरी चालेल, माझे आशीर्वाद घाबरत नाहीत.

तुझी आत्या,
सुगंधा


सिडको, औरंगाबाद
४ मे २०१३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परवा बैठक झाली. सरांनी त्यांचा अहवाल टेबलावर ठेवला, माझ्या सहीविना. मी माझे दोन तक्ते त्याच्या शेजारी ठेवले आणि उभी राहिले. जुन्या प्रोग्रामात दोष आहे का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. नाही म्हणाले, दोष माझ्या जोडफाईलमध्ये आहे. मी काय बोलतेय ते मला कळतंय का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. कळतंय म्हणाले. आवाज बरा निघाला.

त्यांनी मोजणीदारांच्या वह्या मागवल्या. एकानं वहीतून वाचायचं, दुसऱ्यानं माझ्या दुरुस्त तक्त्यावर खूण करायची. एकशे चव्वेचाळीस आकडे, दीड तास, एकही सुटला नाही, एकही चुकला नाही. चार गावांचे टँकर चुकून बंद झाले होते, ते सुरू करायचा हुकूम तिथंच लिहिला गेला. दोन गावांना गरज नसताना मिळत होता, तो थांबला. प्रोग्राम राहणार. बारावी विहीर राहणार.

जिन्यात सरांनी मला सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी म्हणाले, येणार, डबा ऑफिसात राहिलाय तो न्यायला. मग क्रांती चौकापर्यंत चालत आले, तिथं रसवंतीच्या बाकावर बसून रडले, आणि दोन ग्लास रस प्यायले. पश्चात्ताप म्हणशील तर चूक केल्याचा आहे, नाही म्हटल्याचा नाही.

आता माझ्याकडं वेळच वेळ आहे, तेव्हा लांबलचक पत्र लिही.

तुझी,
सत्यशीला


बिरोबाची वाडी
११ मे २०१३

चि. सत्यशीला हिस,
अ. उ. आ.

लांबलचक लिहायला सवड नाही, टँकर रोज येतो आणि रांग मी लावते. पहिल्या दिवशी तो करमाडचा कारकून स्वतः गाडीवर बसून आला. त्याला मी विहिरीत दोर सोडायला लावला आणि बादलीतला गाळ त्याच्याच हातानं उपसायला लावला. आवडाबाई त्याला लई बोलली.

तू चुकलीस तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आता विसरले म्हणणार नाही. पण बैठकीत उभी राहिलीस ते वाचून ऊर भरून आला, तेही विसरणार नाही. तुझ्या बाबाला, मुंजाबाला, मीच फोनवर सांगितलं. त्याचं मला निम्मंच ऐकू आलं, पण पोरीनं साहेबाला नाय म्हणलं, एवढं तो तीनदा म्हणाला आणि तिन्ही वेळा हसला. नोकरी मिळेल, नाही मिळाली तर मिळेपर्यंत शोध. मान मात्र खाली घालून शोधू नकोस.

आशीर्वाद या खेपेला पत्रात घालत नाही, समोरासमोर देईन. सोमवारी कामाला जायचं नाही ना, मग सकाळच्या बसनं निघ. केस किती दिवसांत धुतले नसशील ते मला माहीत आहे. इथं येऊन डोक्यावरून न्हा. पाणी आहे.

तुझी आत्या,
सुगंधा