सुटं विमान

कलकत्ता,
नोव्हेंबर १९७१

प्रिय माधवदादा,

बाबांची नागपूरला बदली झाली. गुरुवारी निघतो आहोत. बजबजच्या डेपोत तेलाच्या टाक्यांवर आकडे रंगवायचं काम मी सोडलं आणि सध्या सामान बांधतो आहे. बांधलेली पेटी आई पुन्हा उघडायला लावते. तुझा स्वेटर वरच हवा, म्हणते.

परवा संध्याकाळी तुझं जपानी विमान बाबांच्या हाती लागलं. जुन्या मासिकातल्या फोटोवरून आपण चहाच्या खोक्याच्या फळीतून कोरलं होतं ते, चाकांऐवजी दोन होड्या असलेलं. तुझा नियम होता, कुठेही सरस लावायचा नाही. पंख, शेपूट, होड्या, सगळं सुटं होऊन बिस्किटांच्या गोल डब्यात मावलं पाहिजे. कारण खरं विमानही असंच सुटं करून पाणबुडीच्या पाठीवरच्या नळकांड्यात ठेवत. पाणबुडी वर आली की जोडायचं, उडवायचं. टेहळणी करून ते पाण्यावर उतरलं की उचलून पुन्हा आत. मी विचारलं होतं, तेवढ्यात शत्रू आला आणि पाणबुडी बुडी मारून निघून गेली तर? तू हसलास. "मग वैमानिकाने पोहावं, विनूशेठ! नववीत का नापास झालास ते आत्ता कळलं." मला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. इंधन संपत आलेलं, खाली नुसतं पाणी, आणि आपली माणसं नेमकी कुठे होती ते आठवत घिरट्या घालायच्या.

बाबांना तो नियम कुठून ठाऊक असणार? डब्यात तुकडे दिसले, त्यांना वाटलं मोडलंय. जेवायलाही न उठता त्यांनी एकेक भाग सरसाने चिकटवला, वर दोऱ्याने आवळून बांधला. फेब्रुवारीत "सरकारचं मीठ खायचं आणि सरकारविरुद्ध भिंती रंगवायच्या? चालता हो!" म्हणाले, त्यानंतर त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. परवा मला म्हणाले, "माधवचं मोडलं होतं रे. केलं नीट." आता ते डब्यात मावत नाही. गाडीत मी ते मांडीवर घेऊन बसेन.

आई निघायलाच तयार नव्हती. "तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?" शेवटी तिनेच तोड काढली, समोरच्या मित्रबाबूंकडे तुझ्यासाठी पत्र ठेवायचं, नव्या पत्त्यासकट. मोतीबिंदूमुळे तिला लिहितावाचता येत नाही, म्हणून मला बसवलं. "भरपूर लिही, घरचं सगळं कळू दे त्याला."

तर सगळं लिहितो. परवा दुपारी पोलिसांनी बाबांना एक मृतदेह ओळखायला बोलावलं होतं. परत आल्यावर दारातूनच आईला म्हणाले, "आपला नाही तो." आईने देवापुढे साखर ठेवली. काल त्यांच्या कोटाची घडी घालताना खिशात रुमाल लागला, आणि रुमालात तुझा चष्मा. डाव्या काडीला मी गुंडाळलेली तांब्याची तार तशीच आहे. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "कोट राहू दे बाहेर. मी अंगात घालणार आहे." आई आता समोर बसून पुन्हा विचारते आहे, पत्ता लिहिलास ना? अक्षर स्वच्छ काढ, त्याला पटकन घर सापडलं पाहिजे. काढतो, दादा.

देशमुखांचं घर, पहिला मजला, दत्तमंदिराच्या मागे, धरमपेठ, नागपूर.

तुझाच,
विनू