फिल्मच्या कोपऱ्यातली फुली

सर, परवा नाशिकला आपल्या एक्स-रे तंत्रज्ञांच्या संघटनेची वार्षिक सभा आहे आणि तिथे मला वीस मिनिटं बोलायचं आहे. ‘आपल्या’ म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. तुम्ही एकदाच तिच्या सभेला गेलात, आणि कुणीतरी तुमच्या फिल्मबद्दल शंका काढली म्हणून जेवायलाही न थांबता परतीची जव्हारची एसटी धरलीत. “संघटना फोटो काढत नाही गं, फोटो आपण काढतो,” हे तुमचं त्यानंतरचं वाक्य. “तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? म्हणावं, पाड्यावरून उतरलेल्या बाईला गळ्यातला ताईत काढायला सांगून दाखवा.” मी हसले होते. नवी होते, तुमचा शब्द मला शेवटचा वाटायचा.

ताईताचं तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात शिकवलंत. एक म्हातारा छातीचा फोटो काढायला आलाय. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे त्याला सांगते, गळ्यातलं सगळं काढा. तो माझ्याकडे बघतो, सदरा खांद्यावर टाकतो आणि चालू पडतो. तुम्ही डार्करूममधून ओल्या हातांनी बाहेर येता. “घालवलास ना पेशंट? तो आता परत दवाखान्याची पायरी चढेल?” असं सगळ्यांसमोर मला सुनावता आणि तसेच डेपोपर्यंत त्याच्या मागे जाता. त्याला घेऊन येता तेव्हा तुमचा हात त्याच्या पाठीवर असतो. “बाबा, नाय काढायचा. नुसता मागं सरकवू.” ताईत पाठीवर गेला तरी त्याच्या पेटीचा पांढरा ठिपका फिल्मवर उमटायचाच. म्हणून तुम्ही फिल्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फुली मारायचात. फुली म्हणजे हा ठिपका ताईताचा आहे, डॉक्टरांनी तो सोडून द्यावा. लोक पळेनासे झाले. तुमच्या हाताखाली शिकून जे मोखाड्याकडे आणि आसपासच्या छोट्या दवाखान्यांत गेले, ते ही फुली सोबत घेऊन गेले. मलाही तिचा अभिमान होता.

मग पावसाळ्यातला तो बाजाराचा दिवस. तुम्ही रजेवर होतात आणि रांग व्हरांड्याच्या बाहेर गेली होती. मोखाड्याच्या वरच्या एका पाड्यावरची बाई खोकत आली, तिशीची असेल, भिवंडीकडे मजुरी करून परतलेली. मी तिला उभी केली, श्वास धरायला सांगितलं, फिल्म धुतली. डावीकडे वर, गळ्याच्या हाडाखाली, गोल पांढरा ठिपका होता. तसे ठिपके मी रोज बघत होते. हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. तिच्या गळ्यात ताईत आहे की नाही हे मी पाहिलं नाही, विचारलंही नाही. डॉक्टरांनी फुली बघितली, फिल्म बाजूला ठेवली आणि तिला खोकल्याची बाटली दिली.

दिवाळीनंतर तिला जीपमधून आणली तेव्हा ती उभी राहू शकत नव्हती, पदराला रक्त होतं. क्षय पार पसरला होता. तुम्ही जुनी आणि नवी फिल्म दिव्याच्या खोक्यावर शेजारी शेजारी लावलीत. मग तिच्याकडे बघितलंत. तिचा गळा मोकळा होता.

“तेव्हा ताईत होता का गं? तू डोळ्यांनी पाहिलास?”

“होता, सर. मीच मागे सरकवला.”

तुम्ही एवढंच विचारलंत. डॉक्टर तावातावाने आले तेव्हा तुम्ही पुढे होऊन म्हणालात, “ही फुलीची पद्धत माझी आहे, साहेब. ताईताच्या आड रोग लपला. चूक माझी.” तुम्हाला मान खाली घालून उभं राहिलेलं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी मूग गिळून बसले. त्या दिवसापासून आपल्या खोलीत फुली बंद झाली. निवृत्त होताना तुम्ही फिल्मवर डावं-उजवं दाखवायची तुमची शिशाची अक्षरं माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, “तू नीट बघतेस, म्हणून तुला.”

तुमच्यानंतर त्या खोलीत मी एकटी उरले. संघटनेच्या शिबिराला पहिल्यांदा गेले ती खरं तर कंटाळून. हारतुरे, भाषणं, तुम्ही म्हणायचात ते सगळं तिथे होतं, नाही असं नाही. पण दुपारी एक बैठक झाली. प्रत्येकाने स्वतःची बिघडलेली एक फिल्म आणायची, पेशंटचं नाव कापून, आणि सगळ्यांसमोर लावायची. कुठे चुकलं ते बोलायचं. पंचवीस वर्षं काम केलेला एक माणूस उठला आणि म्हणाला, लहान मुलांचे फोटो मी इतकी वर्षं चुकीचे काढतोय, आज कळलं. कोणी हसलं नाही. पुढच्या शिबिरापर्यंत मुलांच्या फोटोचा मराठी तक्ता तयार होता, तो आमच्या भिंतीवर अजून आहे. सर, संघटना फोटो काढत नाही हे खरं. पण डोंगरातल्या एका खोलीत एकट्याने काम करणाऱ्या माणसाची चूक हळूहळू त्याची पद्धत होते, आणि मग तो ती चार जणांना प्रेमाने शिकवतो. त्याला थांबवायला कोणीतरी हवं. त्याच्यावर माया करणाऱ्याला ते जमत नाही, संघटनेला जमतं.

कारण फुली मेलेली नाही. आता फिल्म नाही, सगळं कॉम्प्युटरवर दिसतं. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे बदलून आलेल्या मुलीने पडद्यावर, कोपऱ्यात, माउसने फुली मारली. कोणी शिकवलं, विचारलं तर म्हणाली, “आमच्याकडे अशीच पद्धत आहे, मॅडम.” मी त्याच दिवशी संघटनेला लिहिलं. सगळ्या छोट्या दवाखान्यांसाठी एका पानाचा नियम करू: आधी विचारा, डोळ्यांनी बघा, ताईत काढायला लावू नका, सरकवून दुसरा फोटो घ्या, आणि ठिपका कशाचा हे आपण ठरवू नका. समितीला पटलं. पण त्यांनी उदाहरण मागितलं, आणि ते माझ्या कपाटात होतं.

त्या बाईला विचारल्याशिवाय फिल्म दाखवायच्या नव्हत्या, म्हणून मोखाड्याला गेले. ती औषधांनी वाचली, पण एक फुफ्फुस गेलं. पाड्याचा चढ चढवत नाही म्हणून बहिणीजवळ खाली राहते. मी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

“ताईत तं मी पेरणीच्या आधीच काढलेला, बाय. तवा इचारला असता, तं मी आज वर माझ्या घरी असती.”

मी माफी मागितली. तिने ती घेतली की नाही, कळलं नाही. तांदळात पुन्हा हात घालून म्हणाली, “दाखव फोटू. माझा नाव नको. दुसऱ्या कोनाचा तरी वाचंल.”

काल सचिवांचा फोन आला. भला माणूस आहे. म्हणाले, “मॅडम, चूक कोणाची ते सांगूच नका. नाहीतर तुमच्या जुन्या सरांची म्हणा, पद्धत त्यांचीच ना? ते आता नाहीत, त्यांना काय फरक पडतो?” मी त्यांना म्हटलं, ताकाला जाऊन भांडं लपवायचं असेल तर मी येतच नाही. उद्या दुपारची गाडी आहे. मी उभी राहीन, दोन्ही फिल्म लावीन आणि सांगेन की रोग ताईताच्या आड लपला नव्हता, ताईत नव्हताच. मी बघितलं नाही, आणि मग खोटं बोलले. तिथे तुमचे जुने विद्यार्थी बसलेले असतील, त्यांनाही ते कळू दे. पुढे मला कोणी मान दिला नाही तरी चालेल, ते पान मात्र मंजूर करून घेतल्याशिवाय मी परत येणार नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या घरी आता दुसरं कोणी राहतं. पण नाशिकला बोलायच्या आधी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, जी मी तिथे सांगणार नाही. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खूप रडले, हे सगळ्यांनी पाहिलं. पण त्याआधी एक क्षण, सर, आता तुम्हाला हे कधीच कळणार नाही म्हणून मला हायसं वाटलं होतं.